व्याह्यांच्या पुढे

४ जानेवारी, रविवार, संध्याकाळ
आजपासून नोंदी ठेवणार. हेतू शास्त्रीय. भावना, कुरकुर आणि घरगुती भानगडी यांना इथे प्रवेश नाही.

पार्श्वभूमी एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा आठवायला नको. आज लेकीच्या नव्या घरी गेलो. पाचवा मजला, लिफ्ट बंद. ही लिफ्ट आमच्याच कंपनीच्या देखभालीत आहे आणि तिची तक्रार परवाच मी स्वतः ‘निकाली’ असा शेरा मारून बंद केली होती, हा निव्वळ योगायोग. तक्रार विभागप्रमुखाला गावातल्या प्रत्येक लिफ्टचं तोंड बघता येत नाही. जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर देखावा बघायला थांबलो. देखावा म्हणजे भिंत होती, पण रंगाचं काम चांगलं होतं. तेवढ्यात वरून लेक धावत आली आणि तिच्यामागे जावई, हातात खुर्ची! मला भर जिन्यात खुर्चीवर बसवलं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही आता वर नका येत जाऊ, आम्हीच येत जाऊ तिकडे. एवढ्यात व्याही आले. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत डोंगर तुडवले, आता निवृत्त. दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या. म्हणाले, बसा बसा व्याहीबुवा, सावकाश या. आणि शीळ घालत वर गेले. धाप लागलेल्या माणसासमोर शीळ घालणं हा माझ्या मते गुन्हा आहे.

चहाच्या वेळी कळलं, व्याही दरवर्षी टाकी दौडीत पळतात. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, पायथ्यापासून तिथपर्यंत सगळा चढ. मार्चच्या चौथ्या रविवारी. मी म्हणालो, यंदा मीही उतरतोय. हे कोण बोललं ते मला कळायच्या आत बोलून झालं होतं. लेकीचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला. आमची ही म्हणाली, कुठे उतरताय, टाकीत?

संकल्प : २२ मार्च. व्याह्यांच्या आधी टाकी गाठणं. लेकीच्या डोळ्यांत आज जी ‘बाबा, बसा’ अशी नजर होती ती पुसून काढणं. बाकी काही नको.

५ जानेवारी
अभ्यास. चढावर पळण्याचं शास्त्र इंटरनेटवर सापडलं. पावलं छोटी आणि झटपट. हात जोरात मागे-पुढे. नजर पायांवर नाही, थोडी पुढे. कमरेत वाकायचं नाही, घोट्यापासून अख्खं अंग पुढे कलतं ठेवायचं. सगळं सोपं आहे. आरशासमोर करून पाहिलं. ही खोलीत आली आणि म्हणाली, काय पडलंय, चष्मा?

शास्त्रज्ञांना घरात असंच वागवतात.

६ जानेवारी
बूट आणले. केशरी. निम्मा वेग रंगात असतो. गजर पाचचा लावला.

७ जानेवारी
गजर वाजला. बंद केला. झोपेत स्नायूंची दुरुस्ती होते असं कालच वाचलंय. अजून काही बिघडलेलं नसलं तरी प्रतिबंधात्मक देखभाल ही आमच्या कंपनीची परंपरा आहे.

९ जानेवारी, सकाळ
टेकडी. वेगात सुरुवात केली. पहिलं वळण येण्यापूर्वी निरीक्षणासाठी थांबलो. थांबलेलो असताना बाजूने एक बाई बाबागाडी ढकलत वर गेल्या. फोनवर बोलत होत्या. गाडीतल्या बाळाने माझ्याकडे मान वळवून पाहिलं. त्या नजरेत ओळख होती. बहुधा त्यालाही अजून चालता येत नव्हतं.

निष्कर्ष : टेकडी सरावासाठी अयोग्य. रस्ता खराब, रहदारी फार. (एक बाबागाडी.)

११ जानेवारी
ट्रेडमिल! आमच्या करार विभागात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे ‘सर्वज्ञ’ म्हणतात, कारण ते कुणालाच काही विचारत नाहीत, फक्त सांगतात. त्यांच्या घरी ट्रेडमिल होती, तिच्यावर ते चादरी वाळत घालत. म्हणाले, उचलून न्या, फक्त परत आणू नका. उत्तम यंत्र आहे. बटण दाबलं की पुढचा भाग वर उचलला जातो आणि चढाचा आकडा समोरच्या पाटीवर दिसतो. घरबसल्या टेकडी. आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडे आहे, त्यामुळे चालू होती. वर आणायला काही त्रास झाला नाही.

मागच्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवली. ही म्हणाली, आता कपडे कुठे वाळत घालू? मग यंत्राकडे जरा वेळ बघून म्हणाली, बरं, राहू दे, कळलं.

१४ जानेवारी
चढ तीन. बार धरून. छान चाललंय.

१९ जानेवारी
व्हिडिओतला प्रशिक्षक म्हणतो, समोरचा बार धरून चढ चढणं म्हणजे स्वतःला फसवणं. तो पंचविशीतला पोरगा आहे. त्याला घर नाही, हप्ते नाहीत, गुडघे नवे कोरे. आमच्या वयाला आधाराशिवाय काही करणं हा उद्धटपणा आहे. तरी प्रयोग म्हणून बार सोडला. मग लगेच पुन्हा धरला. प्रयोग यशस्वी : बार घट्ट बसवलेला आहे.

२५ जानेवारी, रविवार
चढ पाच. मध्येच फोन. सुट्टीच्या दिवशी तातडीच्या तक्रारी माझ्या मोबाइलवर येतात. एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. मी म्हणालो, घाबरू नका, शांत श्वास घ्या. बाई जरा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, साहेब, तुम्हीसुद्धा अडकलात का? मग त्याच मला धीर देऊ लागल्या. कोणी आहे का सोबत, पाणी आहे का, असं विचारलं. फोन ठेवेपर्यंत आमचा माणूस पोचला आणि त्या सुटल्या. मी चढ पाचवरच होतो.

२८ जानेवारी
प्रगती थांबली आहे. चढ पाच तसाच जीव घेतो. प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या आयुष्यात असा काळ येतो असं वाचलं. म्हणजे लक्षणं बरोबर आहेत.

१ फेब्रुवारी
हिच्याशी वाद. म्हणाली, मशीनचं पाणी तुमच्या त्या यंत्राच्या मागच्या पायांपाशी साचतं, गंज चढतोय आणि वास मारतोय, म्हणून मी मागच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या आहेत. मी म्हणालो, खेळाडूच्या साहित्याला न विचारता हात लावायचा नाही. ती म्हणाली, मग खेळाडूने फरशी पुसायची. विटा राहिल्या. किरकोळ गोष्टींत शक्ती घालवायची नाही, हेही प्रशिक्षणच.

२ फेब्रुवारी, सकाळ
चमत्कार! चढ पाच. बार न धरता. पाय आपोआप पडत होते, जणू कुणी पाठीवर हात ठेवून ढकलतंय. यालाच ‘फॉर्म’ म्हणत असावेत. महिनाभर केलेल्या कष्टांचं व्याज एका रात्रीत जमा झालं. शरीर हे असं असतं : आधी ऐकत नाही, मग एकदम ऐकतं.

६ फेब्रुवारी
चढ सात. घाम नाही. अंग आपसूक पुढे कलतं, थेट घोट्यापासून, अगदी शास्त्रात सांगितल्याप्रमाणे. यंत्रही पुढे वाकल्यासारखं वाटतं, पण तो वेगाचा परिणाम.

१० फेब्रुवारी
चढ आठ. शीळ घालून पाहिली. आली!

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या चारचौघांना चढाच्या सरावावर थोडं मार्गदर्शन केलं. म्हणालो, चढ पायांत नसतो, मनात असतो. सर्वज्ञ म्हणाले, तुमचा रंग बघून तो मनातही असावा असं वाटत नाही, फार ताजेतवाने दिसता. मत्सर माणसाच्या तोंडून सत्य वदवतो.

१३ फेब्रुवारी
व्याह्यांचा फोन. आधी तब्येत विचारली, मग सराव विचारला. मी सहज म्हणालो, चढ आठ. व्याह्यांनी तो आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, अरे वा! आणि जरा थांबून म्हणाले, मी यंदा सगळ्यांच्या मागेच असणार बरं का, तुम्ही आपले निवांत पळा.

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवतो. सगळ्यांच्या मागेच असणार. दौडीला महिन्याहून जास्त अवकाश आहे आणि गडी आत्ताच ढेपाळला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आनंदाखालोखाल तेच वाटलं.

हिला सांगितलं. ती म्हणाली, ते असं म्हणाले? आणि भाजी चिरायला लागली. पण तोंडात काहीतरी दाबून धरलं होतं. हेवा असावा. नवरा अचानक खेळाडू निघाला की बायकांना जड जातं.

२२ फेब्रुवारी, रविवार
काळा दिवस. लेक-जावई जेवायला आले. जेवण झाल्यावर मीच म्हणालो, चला, दाखवतो. चढ आठ लावला आणि सगळ्यांदेखत पळू लागलो. लेक बघत होती. पहिल्यांदाच ती नजर बदलताना दिसली. भुवया वर. अजून थोडा वेळ मिळता तर काम झालं असतं.

जावई अबोल माणूस. त्याच्या अबोलपणाचं मी नेहमी कौतुक करत आलो, आज ते मागे घेतलं. तो खाली वाकला, यंत्राखाली पाहिलं, मग स्वयंपाकघरातून एक लिंबू आणलं. म्हणाला, बाबा, जरा थांबता? मी थांबलो. त्याने लिंबू पट्ट्याच्या मधोमध ठेवलं. लिंबू हळूहळू निघालं आणि पुढे, पाटीच्या दिशेने, घरंगळत गेलं. म्हणाला, बाबा, मागच्या विटांमुळे हा चढ नाही, उतार आहे. तुम्ही उताराला पळताय.

लेकीने ओठ आवळले होते. शेवटी ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगण खरंच वाकडं होतं म्हणून नाचता येत होतं. मग मात्र सगळे हसले. लेक हसता हसता माझ्या दंडाला धरून म्हणाली, बाबा, बसा जरा.

पुन्हा तेच. बसा.

२३ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. उतारावरचा सराव वाया जात नाही. त्याने स्नायूंना ब्रेक लावायची सवय लागते. मोठमोठे धावपटू मुद्दाम करतात. मी न कळत केला, एवढाच फरक. शिवाय शीळ येते, हे सिद्ध झालंच.

१ मार्च
भरपाई. विटा मागून काढून पुढच्या पायांखाली लावल्या, वर यंत्राचा चढ आठ. म्हणजे जे दोन-तीन आठवडे गेले ते चार दिवसांत वसूल. सुरू केलं.

दुपारी लिहितो आहे, पोटावर पडून. यंत्राने मला मागे सोडलं. मागे कपड्यांचं मशीन होतं. ते चालू होतं. ही धावत आली आणि आधी मशीन बंद केलं, मग मला विचारलं. क्रम लक्षात ठेवतो आहे.

४ मार्च
ट्रेडमिलवर चादरी वाळत आहेत. तिचा तो मूळ स्वभाव असावा.

८ मार्च, रविवार
खऱ्या टेकडीवर गेलो. पर्याय नव्हता. हीसुद्धा आली, पायथ्याच्या कठड्यावर बसते म्हणाली. शास्त्रात सांगितलेला सराव : ठरावीक अंतर जोरात चढायचं, चालत उतरायचं, पुन्हा चढायचं. मी अंतर ठरवलं पहिल्या विजेच्या खांबापर्यंत. पहिली खेप गेली. दुसरी गेली. तिसरीला खांब पुढे सरकला असं वाटलं.

उतरून कठड्यावर बसलो तेव्हा हिने विचारलं, हे सगळं कशासाठी हो? मी म्हणालो, तब्येतीसाठी. ती म्हणाली, मला सांगताय? मग जरा वेळाने म्हणाली, पोरीने ती खुर्ची मायेने आणली होती. मी म्हणालो, मायेने आणलेलीच जास्त टोचते. रागाने आणली असती तर लाथ मारून चढून गेलो असतो. तिने माझ्या पाठीवरचा घाम स्वतःच्या ओढणीने पुसला आणि म्हणाली, चला, अजून एक खेप करा, मी बघते. ‘बसा’ म्हणाली नाही. नोंद घेतली.

चौथी खेप केली. तिने हात केला.

११ मार्च
दुसऱ्या खांबापर्यंत. बाबागाडीवाल्या बाई भेटल्या. आज त्यांच्याबरोबर पहिल्या वळणापर्यंत गेलो. त्या चालत होत्या, मी पळत होतो, पण सोबत होतो हे महत्त्वाचं. बाळ झोपलेलं होतं. साक्षीदार गेला.

१४ मार्च
पाय दुखतात. पण वेगळे दुखतात. याआधी नुसते दुखायचे, आता काहीतरी केल्यासारखे दुखतात.

१६ मार्च
दौडीच्या आदल्या आठवड्यात सराव कमी करायचा असतो, म्हणजे शरीर ताजं राहतं. मी शिस्तीने पूर्ण बंद केला. उकडलेले बटाटे आणि केळी चालू. ही म्हणाली, सराव सोडून सगळं शास्त्र तुम्हाला पाठ आहे.

२१ मार्च, शनिवार
अंगरख्यावर लावायचा क्रमांकाचा कागद आला. टाचण्या लावून पाहिल्या. व्याह्यांचा विचार करतो आहे. त्यांना हरवल्यावर काय बोलायचं? ‘वयोमानाप्रमाणे चालायचंच’ हे फार टोचेल. ‘बसा बसा, सावकाश या’ हे बरोबर आहे, पण सभ्य माणसाने म्हणू नये. तरी म्हणेन बहुतेक.

२२ मार्च, रविवार, पहाट
सज्ज.

२२ मार्च, दुपार
जिंकलो!!

स्पर्धा नव्हे. स्पर्धा कुणी तरी हडकुळ्या मुलीने जिंकली म्हणे, आमच्या आधी बक्षीस समारंभ आटोपलाही होता. पण मी ज्यासाठी उतरलो होतो ते जिंकलं. सविस्तर लिहितो, कारण हा दस्तऐवज आहे.

पायथ्याशी व्याही भेटले. अंगात भडक नारिंगी जाकीट, पाठीवर झाडूचं चित्र. कुठल्या दुकानाची जाहिरात असावी. या वयात असले कपडे! माझे बूट केशरी आहेत, पण ते बूट आहेत. मी पुढे जायला निघालो तर म्हणाले, व्हा पुढे, मी आहेच मागे. शिट्टी झाली.

पहिल्या वळणापर्यंत पळालो. लोक पुढे गेले, जाऊ दे, माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. मागे वळून पाहिलं : व्याही माझ्या मागे! अंतर थोडं, पण मागे. छोटी पावलं, हात मागे-पुढे, नजर समोर. दुसऱ्या वळणावर मला थांबावं लागलं. वाटलं, संपलं, आता हे शीळ घालत पुढे जाणार. पण पाहतो तर काय, त्यांच्या बुटाची नाडी सुटलेली. खाली वाकून बांधत होते. मी निघालो तेव्हाच त्यांची बांधून झाली. पुढे मी थांबलो की त्यांची नाडी सुटायची. इतके खेळून मुरलेले गृहस्थ आणि साधी नाडी बांधता येत नाही! मी प्रत्येक वेळी संधीचा फायदा घेतला.

शेवटचा चढ भयंकर आहे. रस्ता सरळ आभाळात गेल्यासारखा. तिथे माझं शास्त्र संपलं. पावलं छोटी करत करत इतकी छोटी झाली की ती पडतात का नाही हे पाहायला खाली बघावं लागत होतं. मागून व्याह्यांचा आवाज आला, म्हणाले, त्या दगडापर्यंत चला, मग पुढच्या झुडपापर्यंत. मला कळलं, ते स्वतःलाच धीर देत आहेत. ऐकून मलाही उपयोग झाला.

वळणावर लेक उभी होती. मला पाहून टाळ्या वाजवू लागली. मग वर टाकीपाशी जमलेली सगळी गर्दी टाळ्या वाजवू लागली. सगळी! इतक्या जोरात की मला वाटलं मागून कुणी मोठा माणूस येतोय. मागे फक्त व्याही होते. शेवटच्या खांबापासून पळत गेलो आणि रेघ ओलांडली. व्याही माझ्यानंतर. माझ्यानंतर!

लेकीने मिठी मारली. ही पाणी घेऊन आली. आणि व्याही आले तेव्हा मी ते वाक्य म्हटलं नाही. मन मोठं ठेवलं. नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, पुढच्या वर्षी नाड्यांचं बघा. ते मनापासून हसले. हरलेला माणूस इतका मनापासून हसतो, हा एक गुणच म्हणायचा.

२३ मार्च, सोमवार
पायऱ्या उतरता येत नाहीत. चढता येतात. चढाच्या सरावाचा परिणाम.

ऑफिसात सांगितलं, व्याह्यांना हरवलं. हे खरं आहे. शेवटून दुसरा आलो, तेही खरं आहे, पण ते कुणी विचारलं नाही. लेकीने काढलेला फोटो मोबाइलवर आला होता, तो फिरवला. सर्वज्ञांनी तो बोटांनी मोठा केला. म्हणाले, हे मागचे झाडूवाले कोण? मी म्हणालो, तेच, माझे व्याही. सर्वज्ञांनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाले, अहो, यांना कुणीही हरवू शकतं. तो झाडू म्हणजे पदाची खूण आहे. प्रत्येक दौडीत एक माणूस शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहतो. वाटेत कुणी पडलं-बिडलं, राहिलं, तर गोळा करत आणायचं. त्याला कुणाच्याही पुढे जायला बंदी असते. तुम्ही तिथेच झोपला असतात तर तेही तिथेच बसले असते.

मी म्हणालो, कल्पना आहे मला.

मग जागेवर येऊन फोटो नीट पाहिला. पुढे मी. तोंड असं की लिफ्टचा दोर तुटल्यावर आतल्या माणसाचं व्हावं. मागे व्याही, दोन्ही हात पाठीशी बांधून, जेवणानंतर फेरी मारायला निघाल्यासारखे. बूट पाहिले. त्यांच्या बुटांना पट्टे आहेत. नाडी नाहीच.

दिवसभरात बऱ्याच तक्रारी निकाली काढल्या.

२३ मार्च, संध्याकाळ
हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग सांगितलं का नाही? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात का? 

नसतो गेलो. पण हे तिला सांगायची गरज नाही.

२४ मार्च
लेक आली, गुडघ्यांना लावायचं मलम घेऊन. वाट न बघता विचारलं. तीही न लपवता बोलली. म्हणाली, हो, मीच सांगितलं सासऱ्यांना. ते दरवर्षी त्यांच्या वयोगटात पहिले येतात, यंदा पळायचं सोडून झाडू घेतला. बाबा, तुम्ही ऐकणार नव्हतात आणि मला रात्र रात्र झोप येत नव्हती. तुमच्या मागे कुणीतरी असायला हवं होतं. शेवटच्या माणसाच्या मागे रिकामा रस्ता दिसला की मला भीती वाटते.

मी म्हणालो, आणि त्या टाळ्या? एवढी गर्दी? तिने मलमाची नळी उघडून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, झाडूवाला वर पोचला की दौड संपली असं धरतात आणि मगच चहा वाटायला सुरुवात करतात. लोक केव्हाचे ताटकळत होते हो बाबा.

तेही समजून घेतलं. गरम चहासाठी मी स्वतःसुद्धा कुणालाही टाळ्या वाजवल्या असत्या. मलम चोळत बसलो. ती समोर उभी. बसा म्हणाली नाही, कारण मी बसलेलोच होतो. मग शेवटचं विचारून टाकलं, वर न बघता. म्हटलं, तू वळणावर उभी राहून वाजवत होतीस, त्या पण चहासाठीच?

ती म्हणाली, बाबा, मी चहा पिते का कधी?

ती गेल्यावर बराच वेळ या वाक्याचा विचार केला. चहा ती पीत नाही, लहानपणापासून नाही, हे खरं आहे. माझ्या बाजूने भक्कम पुरावा आहे.

फक्त तिथे कॉफी होती का, ते विचारायचं राहिलं.